मळीचं का माळाचं?

कोल्हापुरात फ्लॅट घेतल्याचं सांगायला गारगोटीला गेलो, तेव्हा आजीने एकच विचारलं, “रान मळीचं हुतं का माळाचं?” मी हसलो. मळी म्हणजे पुराचा गाळ बसणारी नदीकाठची जमीन. आमच्या वेदगंगेच्या काठी तिच्यात पीक घेतात, घर बांधत नाहीत.

कर्जाचे हप्ते सुरू झाल्यावर पाटबंधारे खात्याचा पूररेषेचा नकाशा पाहिला. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. माझी इमारत दोन्हींच्या मधे. आधी हायसं वाटलं. पण ‘100 वर्षांतून एकदा’ म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी 43 फूट. 2019 मध्ये पंचगंगा 55 फुटांपुढे गेली आणि दोनच वर्षांनी, 2021 मध्ये, पुन्हा.

पूरक्षेत्र आखण्याच्या कायद्याचा नमुना केंद्राने राज्यांना 1975 मध्येच पाठवला होता. तरी माझ्या खरेदीखतात मजला, चटई क्षेत्र, पार्किंग सगळं आहे, पूररेषा तेवढी नाही. जुन्या माणसांनी ती जमिनीच्या नावातच नोंदवली होती.

परवा शेजारच्या आजोबांना विचारलं, इमारतीआधी इथे काय होतं?

“मळी. ऊस असायचा.”

आजीला अजून सांगितलेलं नाही.