साहेबाचे ओटे

गेल्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला. "मामा, माझं भाषण जरा बघून देशील? पाचच मिनिटांचं आहे."

भाची आठवीत. शाळेत १८ ऑगस्टला विज्ञानावर बोलायचं होतं आणि बाईसाहेबांनी विषय निवडला होता 'हेलियमचा शोध आणि आपला विजयदुर्ग'. पहिलंच वाक्य होतं: १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला.

माझ्याकडून तिला फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासून हवं होतं. तेवढं करून दिलं असतं तर हा सगळा उपद्व्याप टळला असता. :-)

या गोष्टीवर मी लहानाचा मोठा झालोय. आमचं मूळ गाव वाघोटन खाडीच्या काठचं. बाबा सरकारी नोकरीत. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, पुढे कचेरी ओरोसच्या माळावर आली, तसे आम्हीही आलो. पण मे महिन्यात गावी जाणं ठरलेलं. तळेऱ्याला हायवे सोडला की बाबांची कळी खुलायची. एक फेरी विजयदुर्गाची व्हायचीच. दर्या, तिहेरी तट, आंग्र्यांचं आरमार, १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्हने केलेला हल्ला, हे सगळं झालं की शेवटी 'साहेबाचे ओटे'. ग्रहण बघायला आलेल्या साहेबाने दुर्बिणी ठेवायला बांधून घेतलेले ओटे. बाबा तिथे उभे राहून म्हणायचे, "साऱ्या जगात फुगे उडवतत ना, तो वायू हंयसर गावलो!" आणि मग त्यांच्या आज्याची आठवण. आजा म्हणे पोरवयात साहेब बघायला किल्ल्यावर गेला होता.

पाहुणे आले की हीच गोष्ट मीही सांगत आलो. कॉलेजात असताना मुंबईच्या मित्रांना तर जरा जास्तच मीठ-मसाला लावून.

त्या रात्री मात्र तारखेवर नजर अडकली. १८ ऑगस्ट. बाहेर धो धो पाऊस. लाईट गेलेले. तीन दिवसांत सूर्याचं तोंड दिसलं नव्हतं. मनात आलं, ऐन श्रावणात आकाश बघायला कोकणात कोण येईल? बरं, आला तरी येणार कसा? तेव्हा विजयदुर्गाला यायची सोयीची वाट समुद्राची, आणि पावसाळ्यात बंदर बंद. आपल्याकडे होड्या शाकारून ठेवतात त्या नारळी पौर्णिमेपर्यंत. जडशीळ काचेची यंत्रं घेऊन साहेब त्या लाटांत उतरला कुठे?

शंका घ्यायला प्रयोगशाळाच लागते असं नाही, कोकणात चार पावसाळे काढले असले तरी पुरतं. मी मात्र चाळीस पावसाळे काढूनही ही शंका घेतली नव्हती, कारण गोष्ट आपली होती. आपल्या गोष्टीला कोण उलटतपासणी करतं?

असो. लाईट आले आणि मी शोधायला बसलो.

पहिली गोष्ट म्हणजे ग्रहण खरं आहे. १८ ऑगस्ट १८६८, मंगळवार. चंद्राच्या सावलीचा पट्टा एडनकडून अरबी समुद्र ओलांडून आपल्याच किनाऱ्यावरून आत शिरला आणि विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणमवरून बंगालच्या उपसागरात गेला. निरीक्षक बसले होते ते घाटापलीकडे. पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल होता, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. बिचाऱ्याला तिथेही ढगांनी छळलं. गुंटूरला फ्रान्सहून आलेला जान्सन, मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचा पॉगसन. सूर्य झाकला गेल्यावर कडेने ज्या लाल ज्वाळा दिसतात, त्यांचा उजेड लोलकातून जाऊ दिला तर काय दिसतं, हे सगळ्यांना बघायचं होतं. दिसल्या वेगवेगळ्या झळाळत्या रेघा. म्हणजे या ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या. त्यात एक पिवळी रेघही होती.

पिवळी रेघ म्हटल्यावर सगळ्यांना आठवला सोडियम. तुम्हीही तो रोज बघता. गॅसवर मीठ घातलेली पेज उतू गेली की निळी ज्योत एकदम पिवळी होते ना? तो मिठातला सोडियम. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपापल्या ठरावीक रंगाच्या रेघा देतं. ही त्याची सहीच म्हणा. ती ओळखता आली की पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्यात काय शिजतंय ते घरबसल्या कळतं. मला हे दर वेळी नव्याने अजब वाटतं.

आणि लॉकियर? तो त्या दिवशी ना विजयदुर्गावर होता, ना हिंदुस्थानात. तो इंग्लंडात होता. लंडनच्या युद्धखात्यात कारकून, आणि ज्योतिषाचा नाद घरच्या दुर्बिणीवर भागवणारा. त्याच्या डोक्यात एक भन्नाट कल्पना होती. लोलकांनी सूर्याचा उजेड पुरेसा फाकवला तर त्या ज्वाळांच्या रेघा ग्रहणाशिवायही दिसाव्यात. त्यासाठीचं यंत्र बनायला उशीर होत होता. ते ऑक्टोबरच्या मध्यावर हाती आलं आणि २० ऑक्टोबर १८६८ ला त्याला रेघा दिसल्या. तिकडे जान्सनला गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी हीच युक्ती साधली होती, पण पत्र पोचायला आठवडे लागले. दोघांचीही बातमी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, वाचली गेली. भांडण नाही, तंटा नाही. पुढे फ्रान्सने एकाच पदकावर दोघांचे चेहरे कोरले!

लॉकियरने नीट मोजलं, तर ती पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर नव्हती. किंचित बाजूला. आजच्या मापात सांगायचं तर सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, आणि ही ५८७.६ वर. एवढ्याशा फरकावरून विचार सुरू झाला की हे पृथ्वीवर न सापडलेलंच काहीतरी असावं. सूर्याच्या ग्रीक नावावरून ते झालं हेलियम. कित्येक रसायनशास्त्रज्ञांना हे पटलं नाही, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? बाटलीत भरून दाखवता येत नाही, असलं कसलं मूलद्रव्य! शेवटी १८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्झीला ते युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत सापडलं. सत्तावीस वर्षांनी.

तर मग साहेबाचे ओटे कुणाचे?

इथे मी खुर्चीत सरसावून बसलो. कारण साहेब आला होता. तोच लॉकियर, त्याच किल्ल्यावर. फक्त तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८, शनिवार. पौष अमावस्या, थंडीचे दिवस, निरभ्र आकाश, शांत समुद्र. आता कसं, कोकणी माणसाला पटेल असं झालं.

तोवर कारकुनाचा 'सर' झाला होता. 'नेचर' हे जगप्रसिद्ध साप्ताहिक त्यानेच १८६९ मध्ये सुरू केलेलं. १८७१ च्या ग्रहणाला तो हिंदुस्थानात येऊन गेला होता, तेव्हा तळ ठोकला होता कासरगोडजवळच्या बेकलच्या किल्ल्यात. किल्ला आणि समुद्र हे समीकरण त्याला मानवत असावं. १८९६ ला नॉर्वेपर्यंत जाऊन ढगांमुळे हात हलवत परत आला. आणि मग वयाच्या एकसष्टाव्या वर्षी विजयदुर्ग. 'मेल्पोमेनी' ही आरमारी बोट दिमतीला, मुलगाही सोबत. बोटीवरच्या खलाशांनाच त्याने निरीक्षक बनवलं. कुणी प्रभामंडळाचं चित्र काढायचं, कुणी दिसतील ते तारे टिपायचे, कुणी सेकंद मोठ्याने मोजायचे. त्यांच्याकडून रीतसर तालमी करून घेतल्या. का, तर खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. दशावतारात संकासुराने एन्ट्री चुकवली तरी चालून जातं, इथे एक प्लेट चुकली तर पुढचं ग्रहण आणि पुढचा देश.

त्या दिवशी सावली आपल्या महाराष्ट्रावरून तिरकी गेली. करमाळ्याजवळ जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला दुर्बिणी लावून बसले होते. जेऊरलाच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होता. विदर्भात तळणीला ॲनी माँडर या बाईंनी छोट्याशा भिंगाच्या कॅमेऱ्याने प्रभामंडळाचा एक लांबच लांब पिसारा टिपला. आणि 'ओरायन' लिहून वेदांचा काळ आकाशावरून काढणारे आमच्या रत्नागिरीचे टिळक? ते त्या दिवशी राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. मुंबई-पुण्यात प्लेग सुरूच होता.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हेलियमची नाहीच. १८६९ च्या एका ग्रहणात प्रभामंडळात एक हिरवी रेघ दिसली होती. तीही कुठल्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेना. म्हणून हेलियमसारखंच तिचंही बारसं झालं, 'कोरोनियम'. पद्धत तीच, आत्मविश्वासही तोच. १८९८ च्या ग्रहणातल्या फोटोंवरून कळलं की इतकी वर्षं त्या रेघेची जागाच चुकीची मानली जात होती. आणि पुढे १९४० च्या आसपास उलगडलं की कोरोनियम नावाचं काही नाहीच. ते साधं लोखंड, पण दहा लाख अंशांच्या आसपास तापल्याने तेरा इलेक्ट्रॉन गमावून बसलेलं. हेलियम खरं ठरलं, कोरोनियम खोटं. आधी कुणाला सांगता आलं असतं का? दोन्ही गोष्टी तितक्याच सुंदर होत्या. फरक पडला तो पुन्हा पुन्हा मोजण्याने.

आता प्रश्न होता सांगायचं कसं. भाचीचं सोपं होतं. तिला फोनवर एवढंच विचारलं, "ऑगस्टमध्ये विजयदुर्गावरून सूर्य दिसतो का गं?" ती दोन सेकंद गप्प, मग म्हणाली, "अय्या, मामा!" बाकीचं तिचं तिने शोधलं.

बाबांना सांगणं अवघड गेलं. पडवीत बसून त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मगे इतकी वर्सां आमी खोटाच सांगत होतंव?" रागावले नव्हते, पण चेहरा पडला. शोध जान्सनचा, लॉकियरचा, लंडनचा. आपल्या वाट्याला आलेली एवढीशी गोष्टही मुलाने काढून घेतली, असं काहीसं. आपण फार शहाणपणा केला असं मला वाटत राहिलं. हे तेच बाबा, ज्यांनी १६ फेब्रुवारी १९८० ला सगळी आळी दारं-खिडक्या लावून बसलेली असताना परातीत पाणी घेऊन, भिंतीवर कवडसा पाडून, सूर्याची बारीक होत गेलेली कोर आईला दाखवली होती. आजीच्या शिव्या खाऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनीच विषय काढला.

"तू काय साल म्हणालंस काल?"

"अठराशे अठ्ठ्याण्णव."

"तेव्हा पिलेग होतो?"

"होता."

बाबांनी कप खाली ठेवला. "माजो आजो कायम सांगायचो, पिलेगाच्या सालात साहेब इलो. आमी म्हणायचंव, म्हाताऱ्याक साल आठवना नाय. अडुसष्टात तो जन्माकच येवंक नव्हतो, मगे साहेब बघलान कसो!"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. आज्याचा हिशोब घरात कुणी कधी केलाच नव्हता. अठ्ठ्याण्णवात तो दहा-बारा वर्षांचा पोर असणार, बरोबर बसतं. एका म्हाताऱ्याची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळतं. पण छापील साल आणि घरचा म्हातारा यांत आम्ही डोळे मिटून छापील सालावर विश्वास ठेवला आणि वर म्हाताऱ्यालाच विसराळू ठरवलं, हेही तितकंच खरं.

गेली काही वर्षं १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. होऊ दे. त्या निमित्ताने पोरं वर्णपट म्हणजे काय ते शिकत असतील तर चांगलंच आहे. फक्त तिथे २२ जानेवारीचीही आठवण निघावी. तो दिवस खराखुरा आपला आहे, आणि तेव्हा पाऊसही नसतो.

भाचीचा नंबर आला नाही. भाषण सहा मिनिटांवर गेलं म्हणे, कारण शेवटी तिने पणजोबांच्या वडिलांची गोष्ट घातली. नक्की कोण लागतात हे सांगताना थोडी गडबडली. बाबा पहिल्या रांगेत बसून व्हिडिओ काढत होते. त्यात पाचव्या मिनिटापासून फक्त छताचा पंखा दिसतो.