फौजेचा पगार आणि आपला मुलूख

पांढरकवड्याहून हैदराबादच्या रस्त्याने निघाले की पैनगंगेचा पूल लागतो. पलीकडे आदिलाबाद. एकदा आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, नदीच्या दोन्ही बाजू निजामाच्याच होत्या ना? मग आपली बाजू इंग्रजांकडे कशी गेली? लढाई झाली का?"

लढाई इथे झाली होती, १८१८ च्या एप्रिलमध्ये. पण ती कंपनी आणि दुसरा बाजीराव यांच्यात. निजामाचे वऱ्हाड लढाईत गेले नाही. ते तनख्यात गेले.

पाठ्यपुस्तकात 'तैनाती फौज' एवढाच शब्द असतो आणि घोळ तिथेच होतो. हैदराबादेत फौजा दोन होत्या. पहिली खुद्द कंपनीची. १७९८ च्या तहाने ती पक्की झाली आणि रेमंड या फ्रेंच सरदाराने तयार केलेल्या निजामाच्या पलटणी मोडल्या गेल्या. म्हणजे एक परका उस्ताद जाऊन दुसरा आला! १८०० मध्ये या फौजेच्या खर्चापोटी निजामाने मुलूख तोडून दिला.

दुसरी फौज रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास उभारली. आधी 'रसेल ब्रिगेड', पुढे 'हैदराबाद कंटिंजंट'. नाव निजामाचे, पगार निजामाचा, अधिकारी गोरे आणि हुकूम रेसिडेंटचा. १८०० च्या तहात युद्धप्रसंगी सहा हजार पायदळ आणि नऊ हजार स्वार देण्याचे कलम होते. शांततेच्या काळातही फौज बारमाही पोसावी, असे त्यात नव्हते. तरी ती पोसली गेली. चंदुलालने पामर कंपनीकडून जबर व्याजाने कर्जे काढली. ती पेढी बुडाली, पण देणे काही फिटले नाही. अखेर मे १८५३ मध्ये डलहौसीने थकलेल्या पगाराच्या हमीसाठी नासिरुद्दौलाकडून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लिहून घेतले. १८६० मध्ये शेवटचे दोन परत मिळाले. वऱ्हाड राहिले.

आणि शिपाई? त्याने मीठ कोणाचे खाल्ले? जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या पहिल्या रिसाल्यातील स्वारांनी दिल्लीच्या बादशाहावर चालून जाणार नाही म्हणून बंड केले. त्यांना मृत्युदंड झाले. याच कंटिंजंटच्या इतर तुकड्या पुढच्या वर्षी ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानात लढल्या. मी दोघांपैकी कोणालाच गद्दार म्हणायला धजत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेने वीस वर्षे पोसलेली अफगाण फौज काही दिवसांत विरघळली, तेव्हा लोकांनी तिथल्या शिपायाला भेकड ठरवले. पण त्याचा पगार आणि विमानांची दुरुस्ती परक्यांवरच अवलंबून होती. मला औरंगाबादचे स्वार आठवले.

मुलाचा पुढचा प्रश्न होता, "फौज संपल्यावर वऱ्हाड परत दिले का?" १९०२ मध्ये कर्झनने महबूब अली खान यांच्याकडून ते सालाना पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. १९०३ मध्ये कंटिंजंट इंग्रजी फौजेत विलीन झाली. जिच्या पगारासाठी वऱ्हाड घेतले होते, ती फौज निजामाची उरलीच नव्हती. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले.