सव्वाचार डॉलरची झोपडी

सोमवारी सकाळी स्टँडअप मीटिंग चालू असताना 'सगळं सोडून जंगलात झोपडी बांधावी' असं ज्यांना वाटतं, त्या सगळ्यांचा मूळपुरुष म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो. ४ जुलै १८४५ला तो मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावाबाहेर, वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. झोपडी १० बाय १५ फुटांची, आत तीन खुर्च्या. बांधायचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. तेव्हा हार्वर्डच्या विद्यार्थ्याला नुसत्या खोलीचं वर्षाचं भाडं ३० डॉलर पडायचं.

'वॉल्डन' या पुस्तकात त्याने खिळ्यांपासून खडूपर्यंत सगळा हिशेब मांडलाय. त्यातला सर्वांत मोठा आकडा फळ्यांचा आहे आणि मी तिथेच अडकलो. कारण त्यातल्या बऱ्याचशा फळ्या दुसऱ्या एका झोपडीच्या होत्या.

ती होती जेम्स कॉलिन्स या आयरिश रेल्वे मजुराची. थोरोने ती सव्वाचार डॉलरला विकत घेतली. ठरलं असं, की कॉलिन्सने पहाटे पाचला घर सोडायचं आणि सहाला थोरोने ताबा घ्यायचा. सहा वाजता ते कुटुंब त्याला रस्त्यातच भेटलं. सगळा संसार एका गाठोड्यात. फक्त मांजर मागे राहिली, ती रानात पळाली.

ते रानही पहिल्यापासून निर्जन नव्हतं. गुलामीतून सुटलेले केटो इनग्रॅम, झिल्फा, ब्रिस्टर फ्रीमन हे सगळे तिथेच राहून गेले होते. चांगली जमीन त्यांच्या वाट्याला येत नव्हती, आणि तळ्याभोवतीची रेताड जमीन फारशी कुणाला नको होती. थोरो गेला तेव्हा त्यांच्या घरांचे फक्त खड्डे उरले होते. थोरोची जागा मात्र त्याचा मित्र इमर्सन याच्या मालकीची होती.

म्हणजे एकाच रानात काही जण नाइलाजाने राहिले आणि एक जण आवडीने. यामुळे थोरो ढोंगी ठरत नाही. कॉलिन्सचं गाठोडं आणि झिल्फाचं घर आपल्याला माहीत आहे, ते त्यानेच लिहून ठेवलं म्हणून. पण आपण पोस्टरवर छापतो ती वाक्यं वेगळीच असतात.

६ सप्टेंबर १८४७ला थोरो तिथून निघाला. पुढे ती झोपडी उचलून एका शेतावर नेली, तिच्यात धान्य साठवलं, आणि १८६८मध्ये तीही मोडली. कॉलिन्सच्या फळ्या पुन्हा एकदा सुट्या झाल्या.