चाळिशीनंतरची पाटी



आपल्या मराठीत चष्म्याला 'चाळिशी' असंच म्हणतात. सुईत दोरा ओवता येईना, तांदळातला खडा दिसेना, की घरातलं कोणीतरी म्हणतं, "आता चाळिशी लागली." खरं तर अक्षर नीट दिसावं म्हणून चाळिशी लावायची असते. आपण मात्र चाळिशी लागली की वही मिटून फळीवर ठेवतो आणि म्हणतो, आता या वयात काय शिकायचं!

हे वाक्य आम्ही गावोगावच्या बचत गटांच्या बैठकांत फार वेळा ऐकलं आहे. मागच्या उन्हाळ्यात एका गटात त्याची किंमत मोजावी लागली. हिशोब लिहिणारी मुलगी लग्न होऊन सासरी गेली. गटात बाराजणी, त्यातल्या नऊ चाळिशीच्या पुढच्या. वही हातात घ्यायला कोणी तयार होईना. मग दोन महिने शेजारचा एक मुलगा वही लिहून देत होता. त्याच्याकडून एका मावशींचे कर्जाचे दोन हप्ते लिहायचे राहिले. पुढच्या बैठकीत थकबाकी वाचली तर मावशींचं नाव पहिलं. मावशींनी पैसे सगळ्यांसमोर दिले होते, पण वहीत नव्हते. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. दोघीजणींना आठवत होतं, म्हणून निभावलं. नसतं आठवलं तर?

यात आमचाही वाटा होता, हे कबूल करायला हवं. आम्ही बी.ए. झालेल्या. वही तपासताना पेन आमच्याच हातात असायचं. मावशींना नाव लिहायला वेळ लागतो म्हणून शाईचं पॅड आम्हीच पुढे सरकवायचो. म्हणून आज दोन बायांची गोष्ट सांगतो. दोघी आपल्याच भागात राहिल्या, दोघींनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली आणि दोघींनी आयुष्यातलं मोठं शिक्षण चाळिशी-पन्नाशीनंतर घेतलं.

पहिल्या पंडिता रमाबाई. पुण्याहून रेल्वेने दौंडकडे निघालं की वाटेत केडगाव लागतं. तिथलं मुक्ती मिशन रमाबाईंनी उभं केलं. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने रमाबाईंना शिकवलं. लोकांनी अक्षरही शिकू दिलं नाही अशा काळात रमाबाईंना पुराणातले हजारो श्लोक पाठ होते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं.

नवऱ्याच्या निधनानंतर, १८८३ साली, लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं. पण कानांनी कमी ऐकू येत असे, त्यामुळे ते शिक्षण जमण्यासारखं नव्हतं. त्याच वर्षी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढे ते पुण्याला नेलं. धर्म बदलल्यामुळे टीका झाली, १८९३ साली अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. तरी काम थांबलं नाही. १८९६ नंतरच्या दुष्काळांत त्यांनी उपाशी बायका-मुली केडगावला आणल्या. त्यांचं अन्न, कापड, विहीर, शेती, शाळा, सगळं त्या बघत होत्या.

एवढा पसारा सांभाळणारी, पंचेचाळिशी उलटलेली बाई. कोणीही म्हणालं असतं, आता पुरे. पण रमाबाईंच्या मनात एक गोष्ट सलत होती. मराठी बायबल होतं, पण त्यातले शब्द संस्कृत वळणाचे, जड. मुक्तीत आलेल्या खेड्यातल्या बाईला ते वाचून दाखवलं तरी कळत नसे. रमाबाईंना वाटलं, देवाचं वचन जर सगळ्यांसाठी आहे, तर ते हिला समजेल अशा बोलीत हवं. मग स्वतःच सोप्या मराठीत भाषांतर करायचं ठरवलं. ते इंग्रजीवरून नको, मुळावरून हवं. मूळ कोणत्या भाषेत? जुना करार हिब्रू भाषेत, नवा करार ग्रीक भाषेत.

म्हणजे पुन्हा पाटी घेऊन बसायचं. हिब्रूची अक्षरं तर उजवीकडून डावीकडे जातात. पंडिता म्हणून गाजलेली बाई मुळाक्षरं गिरवायला बसली. आम्हाला यात दुसरी गोष्ट जास्त अवघड वाटते. त्यांना नवीन शिकायचं होतं, तसं जुनं बाजूलाही ठेवायचं होतं. ज्या संस्कृतने त्यांना मान दिला, तेच शब्द त्या खेड्यातल्या बाईसाठी बाजूला ठेवत होत्या. वय वाढलं की आपल्याला आलेल्याचा अभिमान वाढतो. तो खाली ठेवणं हेही शिक्षणच.

हे काम पंधरा वर्षांहून जास्त चाललं. छापखाना मुक्तीतलाच. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, ही कामं तिथल्या बायकांनीच केली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईनंतर तिनेच सगळं सांभाळायचं, अशी आशा होती. त्या दुःखातही रमाबाई भाषांतराची प्रुफं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा वयाची ६४ वर्षं पूर्ण व्हायला १८ दिवस कमी होते. भाषांतर पूर्ण झालं होतं. सगळं पुस्तक छापून झालेलं पाहायला त्या नव्हत्या.

आता कोणी म्हणेल, ताई, त्या पंडिता होत्या, आमचं तसं नाही. म्हणून दुसरी गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांची.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील इतके सोवळ्याचे की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. शाळेचं नावच नको. लहानपणीच लग्न झालं, कवी नारायण वामन टिळकांशी. लिहा-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घरावर आकाश कोसळलं. पुढची काही वर्षं नवरा-बायको वेगळी राहिली. नंतर लक्ष्मीबाई नगरला टिळकांकडे आल्या, पण आपलं सोवळं आणि आपली चूल वेगळी ठेवून. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी घोळवला. देवाने केलेली नाही, असं उत्तर मनाला पटलं तेव्हा सोवळं सोडलं, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. तेव्हा वय ३२. विश्वासाच्या बाबतीतही त्या स्वतःच्या चालीने शिकल्या, कोणाच्या मागे फरपटत गेल्या नाहीत.

टिळकांनी येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' हे मोठं ओवीबद्ध काव्य लिहायला घेतलं होतं. दहा-अकरा अध्याय झाले आणि मे १९१९ मध्ये टिळक गेले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या. आपल्याकडे पन्नाशीच्या विधवेकडून कोण काय अपेक्षा करतं? नातवंडं सांभाळावीत, कोपऱ्यात बसून नामस्मरण करावं, एवढंच. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काव्य पुढे घेतलं आणि त्याचे ६४ अध्याय लिहिले. शाळा न पाहिलेल्या बाईने!

एवढ्यावरही त्या थांबल्या नाहीत. मुलगा देवदत्त याला वडिलांच्या आठवणी हव्या होत्या, म्हणून त्या लिहायला बसल्या. त्यातून 'स्मृतिचित्रे' झालं. पहिला भाग १९३४ साली छापून आला तेव्हा लक्ष्मीबाईंचं वय ६६ च्या आसपास. भारदस्त भाषा त्यांना येत नव्हती, म्हणून जशा बोलत तशाच लिहीत गेल्या. आपली फजिती, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, उपास, भांडणं, हसणं, सगळं त्यात आहे. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत आज त्याचं नाव घेतात. कमी शिक्षण ही ज्यांना आपली उणीव वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावं: त्यांची साधी बोली हेच त्या पुस्तकाचं बळ आहे. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हा शेवटचा भाग अपुरा होता. तो मुलाने पूर्ण केला.

आता प्रश्न येतो, या दोघींना हे बळ कुठून आलं? मोठं कारण त्यांची श्रद्धा. आपल्या गटांत माळकरी आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. कोणी कोणता धर्म पाळावा हे सांगायला आम्ही आलो नाही. पण या दोघींनी जे पुस्तक जवळ केलं, त्यातल्या दोन गोष्टी बचत गटातल्या बाईला लगेच समजतील.

पहिली गोष्ट येशूने सांगितलेली. एक धनी परगावी जाताना तीन चाकरांकडे पैसे सोपवतो. दोघे ते वापरतात, वाढवतात. तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो. धनी परत आल्यावर हिशोब मागतो आणि पुरून ठेवणाऱ्यावर रागावतो. त्याने चोरी केली नव्हती, पैसे बुडवले नव्हते, नुसते पुरले होते. आपल्याला मिळालेली बुद्धी, आठवण आणि उरलेली वर्षं देवाने सोपवलेली ठेव आहे असं एकदा मानलं, की 'आता माझं वय झालं' म्हणून ती पुरता येत नाही. हिशोब शेवटच्या दिवसापर्यंतचा असतो.

दुसरी गोष्ट मोशेची. आपल्या लोकांना गुलामीतून सोडवायला तो मिसरच्या राजापुढे उभा राहिला, तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता आणि आपल्याला नीट बोलता येत नाही म्हणून आधी कां-कूं करत होता. वयाची आणि न येण्याची सबब आपण नव्याने शोधलेली नाही.

आणखी एक सांगतो. दोघींपैकी कोणीही पदवीसाठी शिकलं नाही. रमाबाईंसमोर न समजणारी बाई होती, लक्ष्मीबाईंसमोर अर्धं राहिलेलं काम होतं. आपल्यासमोरही काम आहे. पासबुक आहे, कर्जाची वही आहे, फोनवर आलेला बँकेचा मेसेज आहे, सही करण्याआधी वाचायचा कागद आहे. ते वाचता आलं नाही तर काय होतं, हे त्या मावशींनी उभं राहून सोसलं आहे.

त्या गटात आता एक नियम केला आहे. पैसे देणारी बाई आपला हप्ता आपल्या हाताने वहीत लिहिते. दुसरीने बघायचं, पण पेन हिसकावायचं नाही. हा नियम सगळ्यात जास्त आम्हालाच पाळावा लागतो. बैठक अर्धा तास लांबते. मावशींचा ३ अजून कधी कधी उलटा पडतो आणि सगळ्या हसतात, मावशीसुद्धा. पण दोन हप्ते राहिले, असं आता त्यांना कोणी म्हणू शकत नाही. मागच्या महिन्यात त्यांनी शेजारणीच्या हप्त्यातली चूक दाखवली. "बाई, शून्य राहिलं की तुझं," एवढंच म्हणाल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना वही आणा, पेन्सिल आणा. आणि फळीवर ठेवलेली चाळिशी पुसून घेऊन या.