रेशनचा तांदूळ आणि सहमतीचा प्रश्न : रायपूरचा धडा

वितरित संगणनाचा इतिहास शिकताना आपण बहुधा परदेशी प्रयोगशाळांची आणि मोठ्या कंपन्यांची नावे वाचतो. या टिपणात तोच इतिहास आपण रायपूरच्या रेशन दुकानातून पाहणार आहोत. मूळ प्रश्न साधा आहे. एकच नोंद अनेक यंत्रे वापरतात. त्यांतले एखादे यंत्र किंवा त्यांच्यातला संपर्क बंद पडला, तर निर्णय कसा घ्यायचा?

1. एक कार्ड, एक दुकान

जुनी पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. प्रत्येक शिधापत्रिका एकाच रास्त भाव दुकानाला जोडलेली असे आणि उचललेल्या धान्याची नोंद त्याच दुकानाच्या वहीत होई. संगणकशास्त्राच्या भाषेत, प्रत्येक नोंदीला एकच मालक होता. दुसऱ्या दुकानाला काही विचारावेच लागत नसल्यामुळे वीज किंवा फोन नसला तरी काम चाले. या पद्धतीने सहमतीचा प्रश्न सोडवला नव्हता, तो निर्माणच होऊ दिला नव्हता.

त्याची किंमत मात्र ग्राहक मोजत होता. दुकानदाराने मापात मारले किंवा ‘माल आला नाही’ असे सांगितले, तरी ग्राहकाला दुसरीकडे जाता येत नसे.

छत्तीसगड राज्य 2000 साली स्थापन झाले. 2004 च्या आदेशाने तेथे रेशन दुकाने खासगी व्यक्तींकडून काढून ग्रामपंचायती, बचत गट आणि सहकारी संस्थांकडे देण्यात आली. पुढे कार्डांच्या नोंदी संगणकावर आल्या. 2012 मध्ये रायपूर शहरात ‘कोअर पीडीएस’ ही पद्धत सुरू झाली. दुकानात पॉस यंत्र, मध्यवर्ती सर्व्हरवर नोंद आणि मधे मोबाइल नेटवर्क अशी तिची रचना होती. कार्डधारक आता स्वतःच्या पसंतीच्या दुकानात जाऊ शकत होता.

2. मुभेबरोबर आलेला प्रश्न

समजा, एका कुटुंबाचा महिन्याचा हक्क 35 किलो तांदळाचा आहे. कोणतेही दुकान चालणार असेल, तर एका दुकानात दिलेले धान्य दुसऱ्या दुकानाला लगेच कळायला हवे. वहीच्या काळात नसलेला प्रश्न इथे उभा राहतो.

पहिली अडचण हरवलेल्या निरोपाची. यंत्राने ‘35 किलो वजा करा’ असा निरोप पाठवला आणि उत्तर आले नाही. निरोप पोहोचला नाही, की उत्तर वाटेत हरवले? यंत्राला ते कळू शकत नाही. ज्या जोडणीवर निरोप हरवू शकतात, तिच्यावर दोन पक्षांची खात्रीशीर सहमती शक्य नाही, हे 1975 मध्ये अक्कोयुनलू, एकनाथम आणि ह्यूबर यांनी मांडले. व्यवहारात यावर उपाय असा की प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक द्यायचा. मग तोच निरोप दोनदा पोहोचला तरी वजावट एकदाच होते.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. रेंज गेली आहे आणि समोर ग्राहक पिशवी घेऊन उभा आहे. धान्य दिले, तर कदाचित ते दुसऱ्यांदा दिले जाईल. नाकारले, तर हक्काचा माणूस रिकाम्या हाताने परत जाईल. एरिक ब्रूअर यांनी 2000 मध्ये हीच कोंडी तत्त्व म्हणून मांडली आणि 2002 मध्ये गिल्बर्ट व लिंच यांनी ती सिद्ध केली. नेटवर्क तुटलेले असताना नोंदींची सुसंगतता आणि सेवेची उपलब्धता या दोन्हींची एकाच वेळी हमी देता येत नाही.

3. संशोधन कोठे पोहोचले आहे?

या सिद्धान्ताने वाट बंद झाली, असे समजू नका. पॅट्रिक ओ’नील यांनी 1986 मध्ये एक युक्ती मांडली होती: संख्या आधीच वाटून ठेवा. आपल्या उदाहरणात, 35 पैकी 20 किलो नेहमीच्या दुकानाच्या यंत्रावर राखून ठेवा आणि उरलेले 15 सर्व्हरकडे. रेंज नसली तरी ते दुकान 20 किलोपर्यंत निर्धास्तपणे देऊ शकते, कारण एकूण उचल 35 च्या वर जाणारच नाही. म्हणजे जुन्या वहीतला ‘एक मालक’ इथे निम्म्या रूपात परत येतो.

अलीकडच्या संशोधनाचा एक मोठा प्रवाह याच दिशेचा आहे. कोणत्या कामाला सहमती खरोखर लागते आणि कोणते काम तिच्याशिवाय बिनचूक होते, हे तो शोधतो. शपिरो आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेल्या, प्रती वेगवेगळ्या बदलल्या तरी नंतर आपोआप जुळणाऱ्या नोंदी आणि बेलिस व सहकाऱ्यांचे 2014 चे समन्वय टाळण्यावरचे काम ही त्याची उदाहरणे आहेत.

4. बिघाड कोणाच्या माथी?

ऑगस्ट 2019 मध्ये आंध्र प्रदेश–तेलंगण आणि महाराष्ट्र–गुजरात या दोन जोड्यांमध्ये आंतरराज्य रेशन सुरू झाले. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत छत्तीसगड 2022 मध्ये आले. दरम्यान दुकानांत अंगठ्याची पडताळणी आली आणि बिघाडाची आणखी एक जागा वाढली. ठसा जुळला नाही किंवा नेटवर्क नसले तर काय? झारखंडमधील अशा अडचणींवर ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये लिहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवले की केवळ आधार नाही किंवा पडताळणी झाली नाही म्हणून लाभार्थ्याला धान्य नाकारू नये, अशा व्यवहाराची नोंद वेगळ्या अपवाद वहीत ठेवावी.

दोषसहिष्णुतेच्या दृष्टीने ही वही म्हणजे पूर्ण विचारपूर्वक केलेली निवड आहे: आधी सेवा, हिशेब नंतर. दोनदा गेलेले धान्य पुढच्या महिन्यात वळते करता येते, उपाशी गेलेला दिवस मात्र परत आणता येत नाही. कोणती चूक परवडते हे गणित सांगत नाही. ते ठरवतो रचना करणारा, आणि उद्या त्या जागी तुम्ही असाल.

विचार करा : नेहमीच्या दुकानासाठी राखीव हिस्सा 20 ऐवजी पूर्ण 35 किलो ठेवला, तर कोणाची सोय होईल आणि कोणाची गैरसोय? कामासाठी गाव सोडून रायपूरला आलेल्या मजुराच्या बाजूने उत्तर लिहा.