श्रेणी, जेट्ठक आणि सभासद : जुन्नर-नाशिकच्या लेण्यांची साक्ष

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील कायम, कंत्राटी आणि शिकाऊ हे कामगारांचे दर्जे वाचकांच्या परिचयाचे आहेत. याच पट्ट्यातून भोसरी-चाकणमार्गे नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावर नारायणगावला डावीकडे वळले की जुन्नर येते. सुमारे २००० वर्षांपूर्वी कोकणातून नाणेघाट चढून येणारा व्यापार या नगरात पोहोचत असे. तेथील लेण्यांत कारागीर व व्यापारी यांच्या संघटनांची नावे कोरलेली आहेत. या संघटनेस पालीत ‘सेणि’ व संस्कृतात ‘श्रेणी’ म्हणतात. तिच्यातील दर्जा कशावर ठरत होता, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

जातक अट्ठकथेत ही उतरंड स्पष्ट दिसते. आचार्याच्या घरी राहून कला शिकणारा तो ‘अंतेवासिक’. संपूर्ण समूहाचा प्रमुख तो ‘जेट्ठक’. समुद्दवाणिज जातकात सुतारांच्या १००० कुटुंबांवर दोन जेट्ठक असून प्रत्येकाकडे ५०० कुटुंबे आहेत. व्यापाऱ्यांत ‘सेट्ठि’, त्याच्या खालोखाल ‘अनुसेट्ठि’, तर तांड्याचा नायक ‘सत्थवाह’. श्रेणीचा आपल्या सभासदांवरील अधिकार विनयासही मान्य होता. वधास पात्र ठरलेल्या चोर स्त्रीला राजा, संघ, गण, पूग किंवा सेणि यांपैकी संबंधितांच्या संमतीवाचून उपसंपदा देणे हा भिक्षुणीचा संघादिसेस अपराध मानला आहे.

तथापि श्रेणी म्हणजे जन्मभेदविरहित समाज होता, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. व्यवसाय बहुधा बापाकडून मुलाकडे जात असे. पाचित्तियातील ओमसवाद शिक्षापदाच्या विवेचनात लोक ज्यांना हीन समजत, अशा जाती व कलांची यादीच आहे. जातींत चांडाळ, वेण, निषाद, रथकार व पुक्कुस. कलांत बुरूडकाम, कुंभारकाम, विणकाम, चर्मकाम व न्हाव्याचे काम. ही नावे घेऊन भिक्षूला हिणवणे हा अपराध आहे, असे विनय सांगतो. समाजात तसे हिणवणे रूढ होते, म्हणूनच या नियमाची गरज पडली.

ही यादी मनात ठेवून लेण्यांतील लेख वाचावेत. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावरील लेणे संघास दान दिले आणि ३००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे मुद्दल कधीही न मोडायची ठेव, गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने होते. वर्षाचे व्याज २४० होते. वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविण्यात आला. जुन्नरच्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवी आहेत. दुसऱ्या लेखात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिली आहे. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात शक उपासिका विष्णुदत्ता हिने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी नाशिकच्या श्रेणींकडे ठेव ठेवली. तीत तेली होते, तसेच जलयंत्रे करणारेही होते.

अर्थ उघड आहे. ज्या विणकाराची व बुरुडाची कला लोक हीन समजत, त्यांच्याच संघटनेच्या शब्दावर संघाचे चीवर व औषध कायमचे विसंबून होते. कायमची ठेव एका माणसाकडे ठेवता येत नाही, तो मरतो. पिढ्या बदलल्या तरी टिकणारी संस्थाच तिला लागते. सभासदाला एकट्याने न मिळणारी पत त्याला श्रेणीमुळे मिळत होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे. श्रेणीत या दोन्ही शक्यता नांदत होत्या. एकत्र आलेल्या हातांना ती पत देत होती. आणि सभासदत्वाचे दार जन्माने बंद झाले, की तीच संघटना जातीचे कुंपण बनू शकत होती. म्हणून कोणत्याही कामगार संघटनेस विचारावयाचा प्रश्न आजही तोच आहे : शेजारच्या यंत्रावर तेच काम करणारा माणूस तिच्या सभासदांत मोजला जातो की नाही?