सिंहली जातिव्यवस्था आणि भिक्षुसंघ

सिंहली जातिव्यवस्थेचा आधार राजसेवा हा होता. ‘राजकारिय’ पद्धतीत जमिनीच्या मोबदल्यात प्रत्येक जातीला ठरावीक सेवा द्यावी लागे. शेती करणारे गोयिगम संख्येने व मानाने वरचढ होते. सलागमांकडे दालचिनी सोलण्याचे काम असे. १७५३ मध्ये सयामी भिक्षूंच्या साहाय्याने कँडी येथे उपसंपदा पुनरुज्जीवित झाली. पुढे ती गोयिगमांपुरतीच राखली गेली. जन्मापेक्षा आचरणाला महत्त्व देणाऱ्या धर्मातच जन्माची अट आली. म्हणून सलागम श्रामणेर ज्ञानविमल यांनी सहकाऱ्यांसह ब्रह्मदेशातील अमरपुरा येथे उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परतून अमरपुरा निकायाचा पाया घातला. १८३३ मध्ये ब्रिटिशांनी राजकारिय रद्द केले. सेवेची सक्ती संपली. परंतु विवाहसंबंधांत व निकायांत जातिभेद टिकून राहिला.